५०२ बॅड गेटवे: एनजिनएक्स आणि अॅप यांच्यात नेमकं कुठे तुटलंय ते शोधताना

लॅपटॉपवर अॅप झकास चालत होतं. भाड्याच्या सर्व्हरवर चढवलं, पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या घेऊन मागच्या अॅपकडे पोचवणारा वेब सर्व्हर) बसवला, डोमेन जोडलं, ब्राउझर उघडला आणि समोर पांढऱ्या पानावर ठळक अक्षरांत ‘५०२ बॅड गेटवे’. यानंतर बहुतेक नवखी मंडळी एकच गोष्ट करतात: कॉन्फिग फाइल उघडतात आणि सुचेल ते बदलत सुटतात. तासाभराने मूळ चूक कोणती आणि नंतर आपण घातलेल्या चुका कोणत्या, हेच कळेनासं होतं.

त्यामुळे पहिलं पथ्य हे: एरर लॉगमधली ओळ वाचल्याशिवाय कॉन्फिगला हात लावायचा नाही. ५०२ हा आकडा स्वतः फारसं काही सांगत नाही. ‘मागच्या सर्व्हरकडून मला धड उत्तर मिळालं नाही’ एवढंच तो म्हणतो. का मिळालं नाही, ते लॉगमध्ये लिहिलेलं असतं, आणि तेही बऱ्यापैकी स्पष्ट.

इथे धरलेली मांडणी अशी: उबुंटू सर्व्हर, ८० आणि ४४३ पोर्टवर एनजिनएक्स, त्याच्या मागे त्याच मशीनवर ३००० पोर्टवर नोडचं अॅप, आणि अॅप चालू ठेवायला सिस्टमडी (लिनक्सवरच्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम). जॅंगो किंवा फ्लास्क असेल तर पोर्ट बदलेल, तपासण्याची पद्धत तीच राहील. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायची, अक्षर मोठं हवं तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १: बोलतंय कोण, ते आधी ओळखा

विनंतीचा रस्ता ब्राउझर, एनजिनएक्स, अॅप असा असतो. मध्ये क्लाउडफ्लेअरसारखी, साइटच्या पुढे उभी राहणारी सेवा असेल तर आणखी एक थांबा वाढतो. एरर या साखळीतल्या कोणत्या कडीने लिहिली आहे, ते पानावरूनच बऱ्याचदा कळतं.

ब्राउझरचं स्वतःचं करड्या रंगाचं ‘रिफ्यूज्ड टू कनेक्ट’ पान दिसत असेल, तर विनंती एनजिनएक्सपर्यंत पोचलेलीच नाही. एनजिनएक्स बंद आहे, फायरवॉल आडवी आली आहे किंवा डोमेन भलत्याच आयपीकडे वळलं आहे. पांढऱ्या पानावर आकडा आणि खाली रेघेखाली ‘एनजिनएक्स’ असं नाव असेल, तर बोलणारा एनजिनएक्स आहे. ‘वेलकम टू एनजिनएक्स’ आलं तर एनजिनएक्स ठणठणीत आहे, पण तुमचा सर्व्हर ब्लॉक (कॉन्फिगमधला तुमच्या डोमेनचा भाग) त्याने उचललेला नाही. आणि ‘कॅनॉट गेट /अमुक’ असं साध्या अक्षरांत आलं तर आनंद माना, कारण हे एक्सप्रेसचं, म्हणजे नोडच्या वेब फ्रेमवर्कचं, वाक्य आहे. प्रॉक्सी, म्हणजे एनजिनएक्स ते अॅप ही जोडणी, जुळली, आता अडचण फक्त मार्गाची आहे.

क्लाउडफ्लेअरची ५२१ आणि ५२२ ही खास पानं वेगळी. ५२१ म्हणजे तुमच्या सर्व्हरने क्लाउडफ्लेअरला दारातूनच परत पाठवलं, ५२२ म्हणजे त्याने दारच उघडलं नाही आणि वेळ संपली. दोन्ही वेळा अॅप तपासण्यात अर्थ नाही. एनजिनएक्स चालू आहे का आणि ४४३ पोर्ट बाहेरून उघडं आहे का, ते बघायचं.

पायरी २: एनजिनएक्सला बाजूला ठेवून अॅप एकटं तपासा

एसएसएच करून सर्व्हरवर जा आणि तिथूनच कर्ल या टर्मिनलमधून विनंती पाठवणाऱ्या साधनाने अॅपला थेट हाक मारा:

कर्ल -व्ही एचटीटीपी://१२७.०.०.१:३०००/

एचटीएमएल किंवा जेसन दिसलं तर अॅप जिवंत आहे. तसं असेल तर पायरी ३ कडे वळा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर त्या पत्त्यावर त्या पोर्टला कोणीच कान देऊन बसलेलं नाही. उत्तरच येत नसेल आणि कर्ल नुसता लटकून राहिला, तर अॅपने जोडणी घेतली आहे पण ते आत कुठेतरी अडकलं आहे. बहुतेकदा डेटाबेसची वाट बघत.

मग कोण कुठे कान देऊन बसलंय ते बघा:

सुडो एसएस -एलटीएनपी

सुडो विसरू नका. त्याशिवाय दुसऱ्या युजरच्या प्रोसेसची नावं दिसत नाहीत आणि शेवटचा रकाना रिकामा राहतो. यात ‘लोकल अॅड्रेस’चा रकाना सावकाश वाचायचा. तिथे १२७.०.०.१:३००० असेल तर अॅप फक्त याच मशीनवरून येणाऱ्यांशी बोलेल, आणि आपल्या मांडणीत हेच हवं. ०.०.०.०:३००० किंवा *:३००० म्हणजे सगळ्या बाजूंनी दार उघडं. [::१]:३००० म्हणजे अॅप फक्त आयपीव्ही६ च्या लूपबॅकवर (मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर) बसलं आहे. या शेवटच्या प्रकाराने अनेकांचे तास खाल्ले आहेत, त्याकडे पुढे येऊ.

यादीत ३००० दिसतच नसेल तर अॅप चालू नाही. चालू का नाही, ते सिस्टमडीला विचारा. सर्व्हिसचं नाव ‘माझंअॅप’ असेल तर:

सिस्टमसीटीएल स्टेटस माझंअॅप
जर्नलसीटीएल -यू माझंअॅप -एन ५०

इथे वारंवार भेटणारे चार प्रकार आहेत.

‘स्टेटस=२०३/एक्झेक’ म्हणजे सिस्टमडीला चालवायची फाइलच सापडली नाही किंवा ती चालवता आली नाही. नोड जर एनव्हीएममधून (नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातून) बसवला असेल तर तो तुमच्या होम फोल्डरमध्ये लपलेला असतो आणि त्याचा पत्ता फक्त तुमच्या शेलला ठाऊक असतो. सिस्टमडी तुमच्या शेलची सेटिंग फाइल, बॅशआरसी, वाचत नाही. टर्मिनलमध्ये ‘विच नोड’ चालवून पूर्ण पत्ता मिळवा आणि तोच सर्व्हिस फाइलमधल्या एक्झेकस्टार्टमध्ये लिहा.

‘स्टेटस=२००/सीएचडीआयआर’ म्हणजे वर्किंगडिरेक्टरीला दिलेलं फोल्डर अस्तित्वात नाही, किंवा त्या युजरला त्यात शिरता येत नाही. बहुतेकदा स्पेलिंग चुकलेलं असतं.

‘अॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणजे ३००० वर आधीच कोणीतरी बसलंय. बहुधा तुम्हीच काल हाताने सुरू करून विसरलेली प्रोसेस. एसएसच्या यादीतून तिचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घ्या आणि ती बंद करा.

चौथा प्रकार फसवा आहे: अॅप चालू आहे, पण दुसऱ्याच पोर्टवर. .एनव्ह फाइलमध्ये पोर्ट=३००० लिहिलेलं असतं, पण सिस्टमडी ती फाइल आपणहून वाचत नाही. अॅपने स्वतः ती वाचली नाही तर कोडमधला डीफॉल्ट पोर्ट लागू होतो, आणि तो ८०८० असू शकतो. सर्व्हिस फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंटफाइल= असं लिहून .एनव्हचा पूर्ण पत्ता द्या, मग ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ आणि सर्व्हिस रीस्टार्ट.

टर्मिनलमध्ये ‘एनपीएम स्टार्ट’ करून एसएसएच बंद केलं आणि अॅप मेलं, हाही याच घरातला प्रकार. टर्मिनल गेलं की त्यात चालणारी प्रोसेसही जाते. सर्व्हिस फाइल लिहा, तिच्यात रीस्टार्ट=ऑलवेज घाला आणि ‘एनेबल’ करायला विसरू नका, नाहीतर सर्व्हर रीबूट झाल्यावर पुन्हा ५०२.

पायरी ३: लॉगची ती एक ओळ

आता खरं काम. एका खिडकीत लॉग उघडा ठेवा:

सुडो टेल -एफ /व्हार/लॉग/एनजिनएक्स/एरर.लॉग

दुसरीकडे ब्राउझरमध्ये पान एकदाच रिफ्रेश करा. एकदाच, म्हणजे कोणती ओळ कोणत्या विनंतीची, याचा घोळ होणार नाही. अशी काहीतरी ओळ पडेल:

कनेक्ट फेल्ड, १११: कनेक्शन रिफ्यूज्ड, व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम, क्लायंट: २०३.०.११३.७, सर्व्हर: माझंडोमेन, रिक्वेस्ट: गेट /, अपस्ट्रीम: एचटीटीपी://१२७.०.०.१:३०००/

यात तीन जागा वाचायच्या. पहिली, तो आकडा: १११. तो लिनक्सने दिलेला आहे आणि तो खोटं बोलत नाही. दुसरी, ‘व्हाइल’च्या पुढचे शब्द. जोडणी करताना तुटलं की उत्तर वाचताना, हे तिथे कळतं. तिसरी, ‘अपस्ट्रीम’ (म्हणजे मागचा सर्व्हर) या शब्दापुढचा पत्ता. एनजिनएक्स प्रत्यक्षात कुठे गेला, ते फक्त इथे दिसतं. कॉन्फिगमध्ये तुम्ही काय लिहिलंय असं तुम्हाला वाटतं, ती गोष्ट वेगळी. पत्त्यात ३००० ऐवजी ३००१ दिसलं की काम तिथेच संपतं.

ओळ पडलीच नाही तर? मग विनंती या सर्व्हर ब्लॉकमध्ये आलेलीच नाही, किंवा त्या ब्लॉकमध्ये एरर_लॉग वेगळ्या फाइलीकडे वळवला आहे.

१११ आला तर

फोनच्या भाषेत सांगायचं तर १११ म्हणजे ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ असं ताबडतोब ऐकू येणं. ११० म्हणजे रिंग वाजत राहते, कोणी उचलत नाही. पहिल्यात मशीन सापडलं पण त्या पोर्टवर कोणी नाही. दुसऱ्यात पाकीट वाटेतच कुठेतरी गिळलं गेलं, किंवा समोरचा फारच सावकाश आहे.

अॅप बंद, पोर्ट चुकीचा, हे पायरी २ मध्ये होऊन गेलं. उरतो तो लोकलहोस्टचा घोळ. लोकलहोस्ट हे नाव आहे, पत्ता नव्हे. त्याचा अर्थ १२७.०.०.१ होऊ शकतो तसा ::१ सुद्धा. नोडच्या १७ व्या आवृत्तीपासून नावाचे पत्ते ज्या क्रमाने मिळतील त्याच क्रमाने वापरले जातात, आधीसारखा आयपीव्ही४ पुढे ढकलला जात नाही. म्हणून कोडमध्ये ऐकण्याचा पत्ता म्हणून ‘लोकलहोस्ट’ दिला असेल, तर अॅप नुसतं ::१ वर बसू शकतं. एनजिनएक्स जातो १२७.०.०.१ ला. तिथे कोणी नसतं. आणि गंमत म्हणजे ‘कर्ल लोकलहोस्ट:३०००’ मात्र नीट चालतं, कारण कर्ल दोन्ही पत्ते करून बघतो. म्हणूनच वर कर्लला आकड्यांचा पत्ता द्यायला सांगितलं.

याचा उलटा प्रकार तितका त्रासदायक नाही, पण गोंधळात टाकतो. प्रॉक्सी_पासमध्ये (विनंती कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या ओळीत) लोकलहोस्ट लिहिलं आणि अॅप फक्त १२७.०.०.१ वर असेल, तर एनजिनएक्स अधूनमधून ::१ ला जातो, १११ खातो, मग दुसऱ्या पत्त्याकडे वळतो. साइट चालते, लॉग मात्र एररने भरत राहतो. दोन्हीवर औषध एकच: अॅपमध्ये आणि प्रॉक्सी_पासमध्ये, दोन्हीकडे १२७.०.०.१ असं आकड्यांत लिहा. लोकलहोस्ट हा शब्द सर्व्हरच्या कॉन्फिगमधून हद्दपार केलेला बरा.

डॉकर असेल तर

डॉकर प्रत्येक अॅप कंटेनर नावाच्या वेगळ्या खोक्यात चालवतो, आणि तिथे १११ चं कारण बहुतेक वेळा एकच असतं. एनजिनएक्स एका कंटेनरमध्ये, अॅप दुसऱ्यात, आणि प्रॉक्सी_पास १२७.०.०.१:३००० कडे. कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतः. एनजिनएक्स स्वतःच्याच घरात अॅप शोधतो, ते कसं सापडणार? कंपोज फाइलमध्ये (कंटेनरांची यादी असलेल्या फाइलीत) सर्व्हिसचं जे नाव आहे, तेच पत्ता म्हणून वापरा. सर्व्हिसचं नाव ‘वेब’ असेल तर एचटीटीपी://वेब:३०००. पोर्ट कंटेनरच्या आतला द्यायचा. ‘८०८०:३०००’ असं मॅपिंग असेल तर ८०८० बाहेरच्यांसाठी आहे, एनजिनएक्ससाठी ३०००.

याला जोडून दुसरी अट: कंटेनरमधलं अॅप ०.०.०.० वर ऐकत असलं पाहिजे. डॉकरशिवाय जे १२७.०.०.१ योग्य होतं, तेच इथे चुकीचं ठरतं. फ्लास्कचा डेव्हलपमेंट सर्व्हर आणि गनिकॉर्न (पायथन अॅप चालवणारा सर्व्हर) दोन्ही डीफॉल्टला १२७.०.०.१ धरतात, त्यामुळे पायथनवाले इथे हमखास अडकतात. गनिकॉर्नला -बी ०.०.०.०:८००० द्या.

लॉगमध्ये ‘होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम’ दिसलं आणि एनजिनएक्स सुरूच होत नसेल, तर त्याला ते नाव उलगडता आलं नाही. दोन कंटेनर एकाच नेटवर्कवर नाहीत, नाव चुकलंय, किंवा अॅपचा कंटेनर अजून उठलेलाच नाही. डिपेंड्स_ऑन लिहिल्याने फक्त सुरू करण्याचा क्रम ठरतो. अॅप विनंत्या घ्यायला तयार झालंय का, हे तो बघत नाही. त्यासाठी हेल्थचेक लिहून ‘सर्व्हिस_हेल्दी’ची अट घालावी लागते.

आणखी एक खास डॉकरी दुखणं: काल चालत होतं, आज अॅपचा कंटेनर नव्याने बांधला आणि ५०२. एनजिनएक्स सुरू होताना नाव एकदाच उलगडतो आणि मिळालेला आयपी धरून बसतो. नव्या कंटेनरला नवा आयपी मिळाला की हा जुन्याच दारावर टकटक करत राहतो. तात्पुरता उपाय म्हणजे एनजिनएक्स रीलोड. कायमचा उपाय असा: रिझॉल्व्हर १२७.०.०.११ व्हॅलिड=१०एस अशी ओळ द्या, पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि प्रॉक्सी_पासला ते व्हेरिएबल द्या. १२७.०.०.११ हा डॉकरचा आतला डीएनएस. व्हेरिएबल वापरलं की एनजिनएक्स नाव पुन्हा पुन्हा उलगडतो.

११० आणि ५०४

११० आला की ब्राउझरमध्ये ५०२ ऐवजी ५०४ दिसतो, म्हणजे मागच्याने वेळेत उत्तर दिलं नाही. इथे ‘व्हाइल’च्या पुढचे शब्द सगळं ठरवतात.

‘व्हाइल कनेक्टिंग’ असेल तर जोडणीच झाली नाही. एकाच मशीनवर हे क्वचित घडतं. अॅप दुसऱ्या मशीनवर असेल तर मधली फायरवॉल पाकिटं गुपचूप टाकून देते आहे. एडब्ल्यूएसवर सिक्युरिटी ग्रुप (तिथली फायरवॉल) तपासा: अॅपच्या मशीनला ३००० वर एनजिनएक्सच्या मशीनकडून येणारी रहदारी चालते का? शेजारचा आकडा ११३, ‘नो रूट टू होस्ट’. नाव वाचून लोक राउटिंग टेबल उघडतात, पण रेड हॅट घराण्यातल्या मशीनवर बऱ्याचदा तो फायरवॉलडीचा नकार असतो.

‘व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर’ असेल तर जोडणी उत्तम आहे, अॅप वेळेत बोललं नाही. प्रॉक्सी_रीड_टाइमआउट डीफॉल्टला ६० सेकंद असतो. हा वेळ पूर्ण उत्तरासाठी नसतो, तर लागोपाठच्या दोन वाचनांमधला असतो. मोठा रिपोर्ट तयार व्हायला ९० सेकंद लागत असतील तर त्या एकाच लोकेशनला (कॉन्फिगमधल्या त्या मार्गाच्या भागाला) १२० एस द्या, सबंध सर्व्हरला नको. आणि साधं पान उघडायला ६० सेकंद लागत असतील तर टाइमआउट वाढवणं म्हणजे ताप उतरवायचा सोडून थर्मामीटर बदलणं. डेटाबेसची क्वेरी बघा.

गनिकॉर्नमध्ये एक गंमत आहे. त्याचा स्वतःचा टाइमआउट ३० सेकंदांचा. म्हणजे एनजिनएक्सचे ६० भरण्याआधीच गनिकॉर्न आपला वर्कर (विनंती हाताळणारी प्रोसेस) मारतो आणि तुम्हाला ५०४ ऐवजी ५०२ दिसतो. जर्नलमध्ये ‘वर्कर टाइमआउट’ हे शब्द शोधा. वाढवायचं असेल तर दोन्हीकडे वाढवा.

मध्येच तुटणारी जोडणी

‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन’ किंवा ‘१०४: कनेक्शन रीसेट बाय पीअर’. अॅपने फोन उचलला आणि बोलता बोलता मेलं. आधी अॅपचा जर्नल बघा, त्या सेकंदाला काही फुटलंय का. जर्नल कोरा असेल तर संशय मेमरीवर घ्या (आज्ञेतला टी मोठ्या लिपीतला):

सुडो डीमेसेज -टी | ग्रेप -आय किल्ड

‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ दिसलं तर कर्नलनेच अॅपला मारलं. १ जीबी रॅमच्या सर्व्हरवर ‘एनपीएम रन बिल्ड’ चालवला की हे हमखास घडतं: बिल्ड मेमरी खातो आणि बळी कधी बिल्डचा, तर कधी चालत्या अॅपचा किंवा डेटाबेसचा जातो. बिल्ड लॅपटॉपवर करून तयार फाइली वर चढवा, नाहीतर २ जीबीची स्वॅप फाइल तरी जोडा. डॉकरमध्ये हाच प्रकार एक्झिट कोड १३७ म्हणून दिसतो.

याहून चकवणारा प्रकार म्हणजे हजारात एखादा ५०२, तोही बहुधा पोस्ट विनंतीवर, आणि पुन्हा करून पाहिलं तर काहीच नाही. तुम्ही अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये कीपअलाइव्ह (जोडणी पुन्हा वापरण्यासाठी उघडी ठेवणं) लावलं असेल तर एनजिनएक्स रिकामी जोडणी ६० सेकंद जपून ठेवतो. नोड मात्र आपल्या बाजूने ती ५ सेकंदांतच सोडतो. एनजिनएक्सने विनंती पाठवणं आणि नोडने जोडणी बंद करणं एकाच क्षणी घडलं की ती विनंती वाऱ्यावर. गेट विनंती एनजिनएक्स गुपचूप पुन्हा पाठवतो. पोस्ट पाठवत नाही, कारण ऑर्डर दोनदा नोंदली गेली तर? सूत्र सोपं आहे: मागच्याने पुढच्यापेक्षा जास्त वेळ धीर धरला पाहिजे. नोडच्या सर्व्हरला कीपअलाइव्हटाइमआउट ६५००० मिलिसेकंद द्या.

१३ आणि २: दाराशी अडवणूक

‘१३: परमिशन डिनाइड’ आणि पत्त्यात आयपी असेल, तर मशीन बहुधा रॉकी किंवा आल्मा लिनक्स आहे आणि एसईलिनक्स या लिनक्सच्या सुरक्षा पहारेकऱ्याने एनजिनएक्सला बाहेर बोलायची मनाई केली आहे. एसईलिनक्स बंद करू नका. एवढंच पुरतं (पी मोठ्या लिपीतला):

सुडो सेटसेबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १

पत्त्यात ‘युनिक्स:’ असेल तर गोष्ट सॉकेट फाइलच्या (पोर्टऐवजी जिच्यामार्फत अॅप बोलतं त्या फाइलीच्या) परवानगीची. सॉकेटवर परवानगी असूनही १३ येतो, तेव्हा वरच्या फोल्डरकडे बघा. उबुंटू २१.०४ पासून नव्या होम फोल्डरची परवानगी ७५० असते, म्हणजे एनजिनएक्सचा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा हा युजर तुमच्या होममध्ये शिरूच शकत नाही. ‘नेमआय -एल’ आणि पुढे सॉकेटचा पूर्ण पत्ता दिला की प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते. कोणतं फोल्डर वाट अडवतंय ते एका नजरेत कळतं. चमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) हा उपाय नव्हे. सॉकेट /रन मधल्या फोल्डरमध्ये हलवा. सर्व्हिस फाइलमध्ये रनटाइमडिरेक्टरी=माझंअॅप लिहिलं की सिस्टमडी ते फोल्डर स्वतः बनवतो.

‘२: नो सच फाइल’ आणि सॉकेट तर /टीएमपी मध्ये डोळ्यांना दिसतोय? सर्व्हिस फाइलमध्ये प्रायव्हेटटीएमपी शोधा. ते चालू असलेल्या सर्व्हिसला आपली खाजगी /टीएमपी मिळते. तुम्ही बघताय ती आणि एनजिनएक्स बघतोय ती एकच असेल असं नाही.

जोडणी जुळली, तरी साइट नीट नाही

एररचं पान बदललं की बरेच जण पुन्हा टाइमआउट चिवडायला लागतात. गरज नाही, आता चुका वेगळ्या जातीच्या आहेत.

प्रॉक्सी_पासच्या शेवटची तिरकी रेघ. लोकेशन /एपीआय/ मध्ये पत्ता ३०००/ असा रेघेने संपला तर /एपीआय/ हा भाग कापला जातो आणि अॅपला नुसतं /युजर्स मिळतं. रेघ नसेल तर /एपीआय/युजर्स जसंच्या तसं जातं. यातलं बरोबर कोणतं, ते तुमच्या अॅपमधले मार्ग ठरवतात. ४०४ आला तर आधी हीच रेघ.

होस्ट हेडर, म्हणजे विनंतीसोबत जाणारं साइटचं नाव. एनजिनएक्स डीफॉल्टला प्रॉक्सी_पासमधलं नावच होस्ट म्हणून पुढे पाठवतो. अपस्ट्रीमचं नाव ‘अॅप_सर्व्हर’ असं अंडरस्कोर घालून ठेवलं असेल तर जॅंगो थेट ४०० देतो, कारण डोमेनच्या नावात अंडरस्कोर चालत नाही. प्रॉक्सी_सेट_हेडर होस्ट $होस्ट. ही ओळ नेहमी घालायची. शिवाय एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो $स्कीम हेही पाठवा, नाहीतर अॅपला वाटतं पाहुणा साध्या एचटीटीपीने आलाय, ते त्याला एचटीटीपीएसकडे पाठवतं, तो पुन्हा तिथेच येतो, आणि ब्राउझर ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ म्हणून हात टेकतो. हेडर पाठवून भागत नाही, अॅपलाही त्यावर विश्वास ठेवायला सांगावं लागतं: एक्सप्रेसमध्ये ‘ट्रस्ट प्रॉक्सी’, जॅंगोत सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर.

इथे एक छुपा सापळा आहे. सर्व्हर ब्लॉकमध्ये तुम्ही होस्ट आणि बाकी हेडर नीट लिहिलेत. नंतर वेबसॉकेटसाठी एका लोकेशनमध्ये अपग्रेड आणि कनेक्शन ही दोन हेडर घातली. त्या क्षणी वरची सगळी हेडर त्या लोकेशनपुरती गायब होतात. लोकेशनमध्ये एक जरी प्रॉक्सी_सेट_हेडर असला तर वरचे वारशाने येत नाहीत. सगळे पुन्हा लिहावे लागतात. वेबसॉकेटला प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन १.१ हीदेखील ओळ द्या. गप्प बसलेली जोडणी ६० सेकंदांनी तुटत असेल तर अॅपमधून दर ३० सेकंदांनी पिंग पाठवा.

फोटो चढवताना ४१३ येतो, कारण क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज डीफॉल्टला फक्त १ एमबी आहे. फोनच्या कॅमेऱ्याचा एक फोटो त्याहून मोठा असतो. १० एम करा.

लॉगिननंतरच ५०२ येत असेल आणि लॉगमध्ये ‘टू बिग हेडर’ असेल, तर कुकी फार जाड झाल्या आहेत. प्रॉक्सी_बफर_साइज १६के करा. पण एकटी हीच ओळ घातली तर एनजिनएक्स कॉन्फिग नाकारू शकतो, म्हणून सोबत प्रॉक्सी_बफर्स ८ १६के सुद्धा लिहा.

‘एसएसएल हँडशेक’ आणि ‘राँग व्हर्जन नंबर’ दिसलं तर प्रॉक्सी_पासमध्ये चुकून एचटीटीपीएस लिहिलंय, आणि मागे अॅप साधं एचटीटीपी बोलतंय.

बदल करताना

एका वेळी एकच बदल. मग ‘सुडो एनजिनएक्स -टी’, ते ठीक म्हणालं तर ‘सुडो सिस्टमसीटीएल रीलोड एनजिनएक्स’. रीस्टार्टपेक्षा रीलोड बरा, कारण कॉन्फिग चुकला असेल तर जुना चालू राहतो.

फाइल बदलूनही काही फरक पडत नसेल तर ‘सुडो एनजिनएक्स -टी’ मधला टी मोठ्या लिपीतला द्या. एनजिनएक्सने प्रत्यक्षात वाचलेलं सगळं कॉन्फिग समोर येतं. तुमची ओळ त्यात नसेल तर फाइल साइट्स-अव्हेलेबलमध्ये आहे, पण साइट्स-एनेबल्डमध्ये तिचा दुवा नाही. आणि ‘कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम’ असा इशारा आला तर बहुधा साइट्स-एनेबल्डमध्ये कोणीतरी शेपटीला .बॅक लावलेली प्रत ठेवली आहे. उबुंटूवर एनजिनएक्स त्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल वाचतो, शेपटीला काहीही नाव असलं तरी. बॅकअप दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा.

साइट उघडली की तपासताना मोकळं केलेलं दार आठवणीने लावा. बाहेरून बघायला ३००० उघडला असेल तर ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस’ने उबुंटूची फायरवॉल बघून तो नियम काढा, आणि एनजिनएक्स त्याच मशीनवर असेल तर अॅप पुन्हा १२७.०.०.१ वर आणा. डॉकरवाल्यांनी इथे यूएफडब्ल्यूच्या भरवशावर राहू नये: ‘३०००:३०००’ असं प्रसिद्ध केलेलं पोर्ट डॉकर स्वतःच्या नियमांनी उघडतो आणि यूएफडब्ल्यूने बंद म्हटलं तरी ते बाहेरून लागतं. कंपोजमध्ये ‘१२७.०.०.१:३०००:३०००’ लिहा, किंवा एनजिनएक्सही कंटेनरमध्येच असेल तर अॅपची पोर्ट्स ही ओळच काढून टाका. मग लॅपटॉपवरून सर्व्हरच्या आयपीला :३००० लावून कर्ल करा. जोडणी लागता कामा नये.